जाऊबाईंचं बोलणं देवावर सोपवायचं कसं?

खडकीकरीण: रविवारी उपासनेहून आले तर माझा डबा पालथा, भाजी सिंकमध्ये. "तुझा येशू देईल की जेवायला," इति जाऊबाई. बायबलमधलं रोमकरांस १२:१९ पाठ आहे, सूड देवाकडे. पण रात्रभर मनात उलट उत्तरंच जुळवत होते!

वानवडीची मावशी: अगं, आधी स्तोत्र १३ मोठ्याने वाच. "कुठवर?" म्हणून तिथेही देवाकडे तक्रारच आहे. मग १ पेत्र २:२३, येशूने निंदेला उलट निंदा केली नाही, सगळं देवावर सोपवलं.

कॅम्पकर: १८९३ साली पुण्यात पंडिता रमाबाईंवर टीकेची झोड उठली, त्यांच्या शारदा सदन या विधवांसाठीच्या शाळेतून पालकांनी मुली काढून नेल्या. बाई काम करत राहिल्या. निराधार बायकांसाठीचं त्यांचं केडगावचं मुक्ती मिशन त्यानंतरचं. आणि ताई, सोपवणं म्हणजे उपाशी झोपणं नव्हे. घरात बोला.

खडकीकरीण: बोलले, ह्यांच्यासमोरच. जाऊबाई गप्प. डबा मात्र आता कपाटात ठेवते.