ताडोबाच्या बफरमध्ये 'लोकसहभाग' म्हणजे नक्की कशात सहभाग? (चर्चेचा धागा; प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

पळसपान

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचं गाभा क्षेत्र साधारण 625 चौरस किमी. 2010 मध्ये त्याभोवती जाहीर झालेलं बफर त्याच्या पावणेदोनपट, म्हणजे 1,100 चौरस किमीच्या वर. या बफरमधल्या गावांचा सहभाग म्हणून काय दाखवलं जातं? गाइड, जिप्सीचालक, ग्राम परिस्थितीकीय विकास समितीतून आलेला गॅस, सौर कुंपण. वाईट काहीच नाही. पण कोणत्या कक्षात, म्हणजे जंगलाच्या आखलेल्या तुकड्यात, कधी शिरायचं, बांबू कुठला राखायचा, आग अडवणारी जाळरेषा कुठून काढायची, हे गाव ठरवत नाही. आराखडा वरून येतो आणि गावाच्या वाट्याला मजुरीचे दिवस येतात.

मला वाटतं, सामूहिक वनहक्क असलेल्या गावांत मोह, तेंदू आणि बांबूचा हंगाम ग्रामसभेनेच आखावा. वनहक्क कायद्यातली सामूहिक वनसंपत्तीची व्याख्या अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानंही धरूनच आहे. वन्यजीव कायद्याच्या कलम 38 व्ही प्रमाणे बफरची हद्दही ग्रामसभेशी सल्लामसलत करूनच ठरवायची असते. मग हद्द विचारून आणि कारभार न विचारता, हे कसं?

मचाण

कायदा पाठ आहे. वाघाला तो लागू नाही, एवढीच अडचण. एका वाघिणीचा वावर चार गावांच्या शिवारातून जातो. एका ग्रामसभेने हो म्हटलं आणि शेजारच्या गावाने नाही, तर त्या कक्षाचं काय करायचं?

दुसरं म्हणजे अधिकार. शिकाऱ्याला अटक करायची तर वन्यजीव कायद्याचं कलम 50 लागतं. माणसाच्या जिवावर उठलेल्या वाघाचा निर्णय कलम 11 खाली मुख्य वन्यजीव रक्षकच घेतो. रानडुकरासाठी वीज सोडलेल्या तारेत वाघ मेला, तर ग्रामसभा स्वतःच्याच सभासदावर गुन्हा नोंदवणार का?

आता कोणीतरी सामूहिक वनहक्कावर जंगल स्वतः सांभाळणारी पाचगाव आणि मेंढा-लेखा काढेलच. दोन्ही गावांबद्दल आदर आहे, पण ती व्याघ्र प्रकल्पाच्या आत नाहीत. तुलना करायची तर केरळातल्या पेरियार व्याघ्र प्रकल्पाशी करा. दालचिनीजातीच्या झाडांच्या साली चोरून काढणाऱ्यांनाच तिथे गस्तीवर आणि पर्यटनाच्या कामावर घेतलं. सूत्रं मात्र विभागाकडेच राहिली. तरी चाललं.

तेंदूफड

कलमं बाजूला ठेवून मार्चमधली एक पहाट बघू. मोह रात्रभर गळतो. माणसं चारला निघतात, कारण उशीर झाला तर फुलं चितळ, सांबर आणि अस्वल खातात, नाहीतर दुसरा माणूस वेचून नेतो. वेचणारा ओणवा, अंधारात, पाठ जंगलाकडे. वाघाच्या नजरेला ओणवा माणूस उभ्या माणसासारखा दिसत नाही. हल्ले नेमके या वेळी का होतात, ते यात आलं.

विभाग फलक लावतो, 'सूर्योदयापूर्वी जंगलात जाऊ नये'. कोणी ऐकत नाही, आणि त्यात मूर्खपणा नाही. मी सातला गेलो आणि शेजारी पाचला, तर तोटा माझा. सगळं गाव एकदम सातला निघालं तरच तोटा कोणाचा होत नाही. जनावरं खातील तेवढं सोडायचं. हा ठराव विभाग करूच शकत नाही, कारण कोणतं झाड कोणत्या घराचं हे त्याच्या नकाशावर नसतं. गावाला ते पिढ्यांपासून ठाऊक आहे. चार-पाच जणांचा गट, त्यातला एक उभा राहून पाहणारा, ही पाळीही गावच लावू शकतं.

आगीचंही तसंच. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. त्याऐवजी खराट्याने बुंध्याभोवतीची जागा झाडून घ्यायची, किंवा कमरेच्या उंचीवर जाळी बांधायची. जाळीत फूल मातीला लागत नाही, भाव बरा मिळतो, आणि मुख्य म्हणजे ओणवं व्हावं लागत नाही. मात्र फांद्या खाली लोंबत असतील तर जाळी नीट ताणली जात नाही, आणि रोज रिकामी केली नाही तर फूल आंबतं.

मचाण

मोहाचं पटलं. तेंदूचं काय? तिथे झाड कोणाचंच नसतं.

तेंदूफड

म्हणून ते जास्त अवघड आहे. आपल्याकडे पुडकं 70 पानांचं, 1,000 पुडक्यांची एक प्रमाणित गोणी. मोजणी पुडक्यांवर, म्हणून माणूस हात चालतील तेवढा आत जातो. पहिले चार दिवस गावालगतची झुडपं, मग नाल्यापलीकडे, आठवड्याभरात थेट गाभ्याच्या सीमेवर. कक्षांची फिरती पाळी लावली तर हे थांबतं. आज हे दोन कक्ष, उद्या ते दोन, आणि ज्या कक्षात ताजे पगमार्क किंवा पिल्लांसह वाघीण, तो त्या हंगामात बंद. दुपारच्या आत बाहेर, पुडकी घरी बांधायची, संध्याकाळी फडावर, म्हणजे मोजणीच्या जागी.

कोवळं पान हवं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडूप जमिनीलगत छाटावं लागतं, दीड महिन्यात नवी फूट येते. पण छाटणीची मजुरी हंगामाआधी द्यावी लागते. आगीनेही फूट येते, आणि काडेपेटी स्वस्त असते. कंत्राटदार कशाकडे वळतो ते सांगायला नको. पाचगावने फांद्यांची तोड आणि आगी टाळण्यासाठी तेंदूच बंद केला. त्यांच्याकडे बांबूचं उत्पन्न होतं, म्हणून परवडलं. प्रत्येक गावाला परवडणार नाही.

हिशेबनीस

दोन्ही बाजू ग्रामसभेला गृहीत धरून बोलताय. वनहक्क नियमांप्रमाणे सभेला निम्मे सभासद हवेत, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला. फेब्रुवारी-मार्चमध्ये निम्मं गाव मिरची तोडायला तेलंगणात. मग रजिस्टर घरोघरी फिरतं, सह्या गोळा होतात आणि ठराव 'एकमताने' होतो. ज्यांच्या नावावर जिप्सी आहे पण पैसा बाहेरच्याचा आहे, ज्यांनी रिसॉर्टला जमिनी मिळवून दिल्या, तेच समितीत बसतात. विभागाच्या मनमानीविरुद्ध निदान अपील करता येतं. भावकीविरुद्ध कुठे करणार?

आणि पैसा. ग्रामसभेने तेंदू स्वतः विकायला काढला की कंत्राटदार थोडी उचल देतो, गोण्या उचलतो आणि उरलेले अडकवतो. मजुरी घरोघरी थकते, पुढच्या वर्षी गाव मुकाट विभागाकडे परत.

पळसपान

हिशेबनीस, दुखणं बरोबर, निदान अर्धं. सभा फेब्रुवारीत घ्यायचीच कशाला? धान निघाल्यावर, मिरचीला माणसं जायच्या आत, डिसेंबरमध्ये घ्या. मोहाची वेळ, तेंदूचे कक्ष, छाटणीची मजुरी आणि जाळरेषा, सगळं तेव्हाच ठरवा. जाळरेषा तशीही 15 फेब्रुवारीच्या आत साफ व्हायला हवी, आगीचा हंगाम तिथून धरतात.

थकबाकीवर इलाज वनहक्क नियमांच्या 2012 च्या दुरुस्तीत आहे. वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती देऊ शकते. निविदेबरोबर अनामत, गोदामातून गोणी हलण्याआधी त्या खेपेचे पूर्ण पैसे खात्यावर, मगच परवाना. बहुतेक गावं परवाना आधी फाडतात आणि पैसे नंतर मागतात. तिथेच फसतात.

मचाण, अटक आणि वाघाचा निर्णय ग्रामसभेने घ्यावा असं मी कुठे म्हटलं? ते विभागाकडेच राहू द्या. शेजारच्या गावाने नाही म्हटलं तर तो कक्ष बंदच धरायचा. हंगाम बुडतो, माणूस वाचतो. आणि पेरियारच्या जोडीला कर्नाटकातलं बिळिगिरीरंगाही घ्या. तो व्याघ्र प्रकल्प आहे, आणि 2011 मध्ये तिथे सोलिगा आदिवासींच्या 25 ग्रामसभांना सामूहिक हक्क मिळाले. त्यांची जुनी तक्रार आहे की हलकी जमीनआग बंद केल्यावर घाणेरी माजली. खरं-खोटं तपासा, पण तपासायला हा प्रश्न आराखड्यात तर यायला हवा.

मचाण

कक्ष बंद करायचा तर वाघीण कुठे आहे ते रोज सांगणारा कोणी लागतो. कॅमेऱ्यांचे फोटो विभागाकडे, आणि ते गावाला उघड दिले की दुसऱ्या दिवशी जिप्सीवाल्याच्या फोनवर.

तेंदूफड

फोटो नकोतच. बीट वनरक्षकाने संध्याकाळी फक्त बंद कक्षांचे क्रमांक कळवायचे, कारण नाही, ठिकाण नाही. गावातल्या प्राथमिक प्रतिसाद दलाने ते फडावरच्या फळ्यावर लिहायचे. मुन्शी त्या कक्षातलं पुडकं मोजून घेणार नाही.

हिशेबनीस

पुडक्यावर कक्ष क्रमांक लिहिलेला नसतो.

तेंदूफड

नसतो. म्हणून फडावर येणाऱ्या माणसांची नाही, जंगलात शिरणाऱ्यांची नोंद ठेवायची. सकाळी नाक्यावर दोन बाया, एक वही. कोणता गट, किती जण, कोणता कक्ष. दुपारी तितकेच परत आले का बघायचं. मजुरीचे पैसे ग्रामसभेच्या तेंदू खात्यातून, विभागाकडून नको, नाहीतर वही पहिल्याच आठवड्यात रेंजच्या कपाटात जाते.

मचाण

त्या वहीची एक प्रत रोज बीटवर द्या, तर माझा विरोध या हंगामापुरता मागे. बांबूवर मात्र वेगळा धागा काढा.