मदत हवी आहे: ऑक्सिटोसिन रिसेप्टर नसतानाही जोडी जमते कशी?

नमस्कार मंडळी. एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या सेमिनारला प्रेअरी व्होल घेतलाय. उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातला हा उंदरासारखा प्राणी. नर-मादी जोडीनं राहतात, पिल्लंही दोघं मिळून सांभाळतात. त्याचाच भाऊबंद मेडो व्होल मात्र असल्या संसारात पडत नाही. २००४ साली मेडो व्होल नरांच्या मेंदूत, व्हेंट्रल पॅलिडममध्ये, व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाच्या रिसेप्टरचा (ज्या प्रथिनावर बसून संप्रेरक काम करतं, त्याचा) जीन संशोधकांनी घातला, तर तेही जोडीदारणीला चिकटून बसू लागले!

माद्यांमध्ये मेंदूच्या न्यूक्लिअस ॲक्युम्बेन्स या भागातले ऑक्सिटोसिन या दुसऱ्या संप्रेरकाचे रिसेप्टर औषधानं अडवले की जोडी जमत नाही, इथवर ठीक. पण २०२३ च्या प्रयोगात क्रिस्परनं (जीनमध्ये काटछाट करण्याच्या तंत्रानं) हा रिसेप्टर जन्मापासूनच काढून टाकलेल्या व्होलांच्याही जोड्या जमल्या. माद्यांनी पिल्लांना पाजलंसुद्धा.

इथं माझी गाडी अडलीय. ‘वाढताना मेंदू दुसरी वाट काढतो’ हे उत्तर मला पळवाट वाटतं. ती वाट कुठली? व्हॅसोप्रेसिनची, की डोपामिन या मेंदूतल्या रसायनाची? की जुनी औषधं इतर रिसेप्टरवरही बसत असावीत? प्रौढ व्होलमध्ये फक्त त्या एका भागातला जीन बंद केला तर याचा निकाल लागेल का?

न्यूरोसायन्समधलं कुणी असेल तर कृपया सांगा. आमच्या मॅडम नेमकं हेच विचारणार.