मदत हवी आहे: इजिप्तमधलं मैदूम, दाहशूर, सक्कारा बघायला अभ्यासू गाईड कसा शोधावा?

नमस्कार मंडळी,

प्रश्न माझा कमी, बाबांचा जास्त. बाबा ७२ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. सगळी नोकरी मातीच्या धरणांवर गेली. त्यांना इजिप्तला जायचंय. पुन्हा.

पुन्हा म्हणजे २०१९ च्या फेब्रुवारीत आम्ही एका टूर कंपनीबरोबर जाऊन आलोय (नाव लिहिणार नाही, विपूत, म्हणजे विचारपुशीतही, विचारू नका). गिझाला चाळीस मिनिटं आणि पपायरस नि अत्तराच्या दुकानांत मिळून दोन तास, असा हिशोब होता. तिथल्या सगळ्यात मोठ्या, खुफू राजाच्या पिरॅमिडच्या उत्तर बाजूला तळाशी बाहेरच्या घडीव दगडांची एक रांग अजून शिल्लक आहे. बाबा तिथे उकिडवे बसले आणि बोर्डिंग पासचा कोपरा दोन दगडांच्या सांध्यात सरकवून बघायला लागले. जाईना. मग त्यांनी गाईडला विचारलं, "पाया कशावर घेतलाय? कातळावर की भरावावर?" गाईड हात वर करून म्हणाला, "मिस्टरी, सर, मिस्टरी! आजच्या इंजिनिअरांनाही जमणार नाही." बाबा बसकडे परत येताना पुटपुटत होते, "आम्हाला कुणी विचारलंय का कधी?"

तेव्हापासून त्यांचं वाचन चालू आहे. आणि आता गाडी खुफूवरून त्याच्या बापावर, स्नेफ्रूवर आली आहे. त्याच्या नावावर तीन मोठे पिरॅमिड आहेत. थोडक्यात सांगते, कारण प्रश्न त्यावरच आहे. मैदूमचा पिरॅमिड आधी पायऱ्यांचा होता, मग पायऱ्या भरून बाजू सपाट केल्या. आज बाहेरचं सगळं ढासळून मधला बुरूज तेवढा उभा आहे, भोवती ढिगारा. दाहशूरचा वाकडा पिरॅमिड खाली साधारण ५४ अंशांत चढतो आणि मध्येच ४३ वर येतो. तिथेच शेजारचा लाल पिरॅमिड तर पहिल्यापासूनच ४३ च्या आसपास. बाबांच्या मते ही तीन वेगवेगळी स्मारकं नाहीतच, एकाच कामाची तीन रनिंग बिलं (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने निघतात ती) आहेत: पहिल्यात पडलं, दुसऱ्यात चालू कामात डिझाईन बदललं, तिसऱ्यात निभावलं. आणि त्यानंतर पोराने गिझाला १४६ मीटर उंच नेलं. जेवताना वरणभाताचा डोंगर करून हे मला किमान दहा वेळा समजावून झालंय. आमटी ओतली की मैदूम.

गेल्या वेळी वाकडा पिरॅमिड आतून बंद होता (जुलै २०१९ मध्ये उघडला), सक्काऱ्याचा जोसर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिडही दुरुस्तीसाठी बंद होता (मार्च २०२० मध्ये उघडला). त्यामुळे येत्या डिसेंबरात फक्त आम्ही दोघं जायचं ठरवतोय, ग्रुप टूर नको.

आता मदत हवी ती अशी. पुरातत्त्व शिकलेला, शक्यतो उत्खननावर काम केलेला गाईड कसा शोधायचा? राजांची नावं आणि शापाच्या गोष्टी सांगणारे ढिगाने मिळतात. बाबांना हवाय तो "हे कशावरून?" असं विचारल्यावर न चिडणारा माणूस. दुसरं, मैदूम आणि दाहशूर कैरोहून एका दिवसात होतं का? आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: बाबांचा डावा गुडघा बदललेला आहे. आत उतरणं कितपत शक्य आहे? "त्यांना बाहेरच बसवा" हा सल्ला घरातून मिळालेला आहे, तो सोडून सांगा.

प्रतिसाद १

बाबांना माझा नमस्कार सांगा, रनिंग बिलं आवडली!

मी दुबईत असतो, दोन वर्षांपूर्वी हाच मार्ग एका पुरातत्त्ववाल्या बाईंबरोबर केला. तिथे गाईडला सरकारी परवाना लागतोच, त्यामुळे "मी परवानाधारक आहे" एवढ्यावर भुलू नका. शिक्षण कशाचं ते विचारा (कैरो विद्यापीठात पुरातत्त्वाची स्वतंत्र फॅकल्टी आहे), कुठल्या उत्खननावर होतात ते विचारा, आणि एकही दुकान नको हे आधीच लिहून कळवा. आणि बुकिंगआधी एक प्रश्न पाठवा: मैदूम कधी कोसळला?

कुर्ट मेंडेलसोन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये मांडलं होतं की तो बांधकाम चालू असतानाच धाडकन कोसळला आणि ते बघूनच दाहशूरचा कोन कमी केला. तुमच्या बाबांचं गणित हेच आहे. पण मैदूमच्या पूर्व पायथ्याशी एक छोटं देऊळ आहे आणि त्यात अठराव्या राजवंशाच्या काळात आलेल्या लेखनिकांनी भिंतीवर शाईने लिहून ठेवलंय, "स्नेफ्रूचं सुंदर देऊळ बघायला आलो" अशा अर्थाचं. म्हणजे पिरॅमिड बांधून हजारावर वर्षं झाल्यावरही देऊळ ढिगाऱ्याखाली गेलेलं नव्हतं. मग बांधतानाच सगळं पडलं कसं? आमच्या बाईंनी त्या देवळाच्या दाराशी उभं करून हे सांगितलं, मग आम्हाला मागे वळून बुरुजाकडे बघायला लावलं आणि पाच मिनिटं गप्प राहिल्या. असा गाईड मिळाला तर दोन पैसे जास्त द्या.

बाबांच्या "पाया कशावर घेतलाय?" या प्रश्नाचं उत्तरही तिथेच मिळालं. मैदूमचा आतला पायऱ्यांचा भाग कातळावर आहे, नंतर चढवलेलं बाहेरचं आवरण वाळूवर टेकवलंय. वाकड्या पिरॅमिडखालची जमीनही भुसभुशीत, त्यामुळे आत तडे गेले आणि एका दालनात देवदाराचे ओंडके आडवे लावलेले आहेत. वरच्या भागात दगडांचे थर आडवे आहेत, खालच्या भागात आतल्या बाजूला कललेले. हा फरक बाहेरून, नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

एका दिवसात होतं. मैदूम कैरोपासून शंभरेक किलोमीटर दक्षिणेला, सकाळी लवकर आधी तिथे जा आणि परतीच्या वाटेवर दाहशूर. सक्काऱ्याला वेगळा दिवस ठेवा, नाहीतर चिडचिड होईल.

प्रतिसाद २

गुडघ्याबद्दल. मी स्वतः अस्थिरोगतज्ज्ञ नाही, पण दोन गुडघेदुखीवाल्या मावश्यांना घेऊन गेले होते. लाल पिरॅमिडला आधी बाहेरून २८ मीटर पायऱ्या चढायच्या, मग साठेक मीटर उतार, आणि छत एक मीटरसुद्धा नाही. सगळा रस्ता कमरेत वाकून. आत अमोनियासारखा उग्र वास, रुमाल लागतोच. मोठ्या मावशी उलट्या, म्हणजे तोंड वर दाराकडे करून, शिडी उतरल्यासारख्या उतरल्या. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना काय झालं ते इथे लिहीत नाही. पण खाली पोचल्यावर वर बघितलं ना, की दोन्ही बाजूंचे दगड थराथराने पुढे येत छत मिटत गेलंय, आपल्या हेमाडपंती देवळांत असतं तसं, फक्त चार मजली इमारतीएवढं उंच.

वाकड्याचा रस्ता त्याहून लांब आहे, तो सोडा. सक्काऱ्याला तेती राजाचा पिरॅमिड बघा. बाहेरून नुसता मातीचा उंचवटा, पण उतार छोटा आणि आत भिंतींवर कोरलेली पिरॅमिड-सूत्रं (मेलेल्या राजासाठीचे मंत्र), छतावर चांदण्या. आणि हो, आमचा गाईड कुठेच आत आला नाही, सगळं बाहेर नकाशावर समजावून आम्हाला आत सोडलं. तेव्हा बाबांना प्रश्न आधीच विचारून घेऊ द्या.

प्रतिसाद ३

फक्त एक भर. प्राचीन इजिप्तमध्ये उतार अंशांत मोजत नसत. एक हात उंचीला आडवं किती मुठी (मूठ म्हणजे चार बोटांची रुंदी) जायचं, असा हिशोब, त्याला 'सेकेद' म्हणत. सात मुठींचा एक हात. खुफूचा उतार साडेपाच मुठी. ऱ्हिंड पपायरस या प्राचीन इजिप्तच्या गणिताच्या पोथीत याची उदाहरणं सोडवलेली आहेत.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार. बाबांना तिन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. देवळातल्या शाईवर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "हप्त्याहप्त्याने पडलं असेल. बाहेरचे चांगले दगड लोकांनी काढून नेले की आतला भराव किती दिवस थांबणार?" मेंडेलसोनला सोडायची अजून पूर्ण तयारी नाही.

पण सेकेदने खरी मजा केली. आम्ही धरणावर "दीडास एक" म्हणतो ते तरी दुसरं काय, आडवं दीड नि उभं एक, असं म्हणत त्यांनी कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेत तिन्ही पिरॅमिड मुठींत काढलेत. आईचा दुधाचा हिशोब लाल पिरॅमिडखाली गेला.

लाल पिरॅमिडचं बघू, मी आधी एकटी उतरेन. एकच राहिलं: प्रतिसाद १, तुमच्या त्या बाई डिसेंबरात असतात का? विपू केली आहे.