यात्रेच्या वाटेवर दगड ठेवताना : जाणकारांनी लिहावे

पायी यात्रेत घरून आणलेला दगड वाटेवर ठेवायची प्रथा बऱ्याच ठिकाणी आहे. मनाला काय वाटलं यावर पुष्कळ लिहिलं जातं. इथे दगड केवढा, कुठला, कुठे ठेवायचा आणि चुकतं कुठे, एवढंच लिहा.

*

स्पेनमधल्या कामिनोपासून, म्हणजे सांतियागो शहरापर्यंतच्या पायी यात्रेपासून, सुरुवात करतो. तिच्या फ्रान्सकडून येणाऱ्या ‘फ्रेंच मार्गा’वर फोन्सेबादोन गावाच्या पुढे सुमारे २ किमीवर क्रुझ दे फेरो आहे: उंच लाकडी खांब, टोकाला छोटा लोखंडी क्रूस आणि पायथ्याशी यात्रेकरूंच्या दगडांचा ढिगारा. उंची सुमारे १,५०० मीटर. मूळ क्रूस आस्तोर्गाच्या संग्रहालयात आहे, खांबावर आहे ती प्रतिकृती.

फ्रान्सच्या हद्दीतल्या सां-जां-पिए-द-पोरपासून निघालात तर दगड जवळजवळ ५५० किमी पाठीवर राहतो. सारिया गावापासून शेवटचे शंभरेक किमी चालणाऱ्यांना मात्र हा क्रूस लागतच नाही, तो बराच मागे राहतो. पोर्तुगालकडून येणाऱ्यांचंही तेच. मार्ग ठरवण्याआधी नकाशा बघा, नाहीतर दगड तसाच सांतियागोपर्यंत जातो. आणि आयत्या वेळी ढिगाऱ्याजवळचाच खडा उचलून परत तिथेच ठेवणं म्हणजे नुसता उपचार.

*

दगडाबद्दल. ३० ते ५० ग्रॅम पुरे. चपटा, गुळगुळीत, कोपरे नसलेला घ्या; धारदार कडा पिशवीचं कापड घासते. घासून धुवा आणि पूर्ण वाळवा, कारण खाचांतल्या मातीबरोबर बियाही जातात. संरक्षित जंगलातून किंवा जुन्या वास्तूतून उचलू नका.

नाव लिहायचंच तर हलकं कोरा. मार्करची शाई ऊन-पावसात उडते, जाड रंगाचे पोपडे सुटून मातीत जातात. विमानात मुठीएवढा दगड केबिनच्या सामानात नेला तर सुरक्षा तपासणीत अडकू शकतो, तो चेक-इनमध्ये टाका.

*

ढिगाऱ्यावर चढायचं असेल तर जपून. दगड सुटे आहेत, पायाखालून सरकतात आणि दवाने ओले असले तर जास्तच. पाठीवरची सॅक आधी खाली ठेवा, तोल तिच्यामुळेच जातो. खरं तर कडेला ठेवलेल्या दगडाचं मोल काही कमी नसतं. फोटो, रिबिनी, बूट, प्लॅस्टिकमधल्या चिठ्ठ्या ठेवू नका. दगड टिकतो, बाकीच्याचा कचरा होतो.

गुडघ्यांची खरी परीक्षा त्यानंतर आहे. क्रूसापासून एल आसेबो गावावरून मोलिनासेका गावापर्यंत सुमारे ९०० मीटर उतार, त्यात पाटीच्या दगडाचे सुटे तुकडे. काठ्या थोड्या लांब करून घ्या.

*

कैलासाची गोष्ट निराळी. तिथल्या मणी-दगडांवर मंत्र कोरलेले असतात. ते उचलायचे नाहीत, ओलांडायचे नाहीत, आठवण म्हणून आणायचे तर नाहीतच. मणी-भिंत उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं. बोन या तिबेटच्या जुन्या पंथाचे लोक उलट्या दिशेने प्रदक्षिणा करतात, समोरून कुणी आलं म्हणून गोंधळू नका.

कैलास प्रदक्षिणेतली डोल्मा-ला खिंड ५,६०० मीटरच्या वर आहे, तिथे प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. ठेवायचा दगड खिंडीवर सामानात शोधत बसू नका, आधीच वरच्या खिशात ठेवा. वाकून झटकन उठलं की चक्कर येते. ठेवा, नमस्कार करा, उतरायला लागा.

*

एका गोष्टीला माझा साफ विरोध आहे: दिसेल तिथे दगडांचे मनोरे रचणं. कामिनोच्या शेवटच्या टप्प्यातल्या गॅलिशिया प्रांतात अंतर दाखवणाऱ्या दगडी खांबांवर खडे रचतात, मग ते घरंगळून वाटेवर येतात. डोंगरात तर दगडांची रास हीच वाटेची खूण असते. धुक्यात हौसेने रचलेली रास चालणाऱ्याला भलतीकडे नेते. जमिनीत रुतलेला दगड उपटला की त्याखालचे किडे उघडे पडतात आणि माती वाहून जाते. पण दिसलेली रासही पाडू नका. खरी खूण कुठली आणि हौसेची कुठली, हे लांबून आलेल्याला कळत नाही.