एलएलसीचा ‘मेंबर’: मालक, भागीदार की नोकर?

प्रश्न: अमेरिकेतल्या एकमालकी एलएलसीतून (मर्यादित जबाबदारीची कंपनी; तिच्या मालकाला कायद्यात ‘मेंबर’ म्हणतात) मालक दरमहा ठरावीक रक्कम घेतो, तिला ‘पगार’ म्हणावं का? अर्जात ‘नोकरी’ लिहायचं की ‘सेल्फ-एम्प्लॉइड’?

प्रतिसाद १: सेल्फ-एम्प्लॉइड. आणि ती रक्कम पगार नव्हे, ‘उचल’. पगार खर्ची पडतो, उचल भांडवलातून वजा होते. नफा ८०,००० डॉलर आणि उचल ४०,००० असली तरी शेड्यूल सी वर (विवरणपत्रातला धंद्याच्या नफ्या-तोट्याचा तक्ता) नफा ८०,०००च दिसतो. शेड्यूल एसई वर (सेल्फ-एम्प्लॉयमेंट कराचा तक्ता) त्याचे ९२.३५ टक्के, म्हणजे ७३,८८० धरून १५.३ टक्क्यांनी सुमारे ११,३०४ डॉलर सेल्फ-एम्प्लॉयमेंट कर (स्वतःच्या धंद्यातल्या कमाईवरचा सामाजिक सुरक्षा व मेडिकेअर कर). त्यातल्या निम्म्याची वजावट मिळते, प्राप्तिकर निराळा.

प्रतिसाद २: नुसतं ‘उचल’ म्हटलं की मजुरीपोटी आगाऊ घेतलेले पैसे डोळ्यापुढे येतात, ते फेडावे लागतात. ‘मालकाची उचल’ म्हणा.

प्रतिसाद ३: एलएलसीचे मालक दोघे असतील तर राज्याच्या कायद्यात ‘मेंबर’, पण वेगळा पर्याय निवडला नसेल तर केंद्रीय करासाठी ‘पार्टनर’. एलएलसी फॉर्म १०६५ (भागीदारीचं विवरणपत्र) भरते, प्रत्येकाला के-१ (त्याच्या वाट्याचा तपशील) देते. नफा असो-नसो द्यायची ठरलेली रक्कम म्हणजे ‘गॅरंटीड पेमेंट’, तीही के-१ वरच. नेहमीची चूक म्हणजे मेंबरला पेरोलमध्ये (पगारपत्रकात) घालून डब्ल्यू-२ (कर्मचाऱ्याचा वार्षिक पगार-दाखला) काढणं. मग फॉर्म ९४१ (पेरोल कराचं तिमाही विवरण) दुरुस्त करत बसा.

प्रश्नकर्ता: मग ‘पगार’ कधी बरोबर?

प्रतिसाद १: एलएलसीने फॉर्म २५५३ भरून एस-कॉर्प (नफ्यावरचा प्राप्तिकर सहसा कंपनीऐवजी मालक भरतात तो करप्रकार) निवडल्यावर. कॅलेंडर वर्षासाठी मुदत १५ मार्च. मग राबणारा मालक कर्मचारीही ठरतो: डब्ल्यू-२, कामाच्या मानाने वाजवी पगार. उरलेलं ते ‘वाटप’, त्यावर सेल्फ-एम्प्लॉयमेंट कर नाही. म्हणूनच पगार शून्य दाखवायचा मोह होतो. आयआरएस (अमेरिकेचं करखातं) ते वाटप पगार धरून पेरोल कर वसूल करू शकते.

प्रतिसाद २: वाटपाला ‘लाभांश’ म्हणू नये. तो शब्द फॉर्म ८८३२ ने सी-कॉर्प (नफ्यावर स्वतः कर भरणारी कंपनी) झालेल्यांसाठी राखावा.

प्रतिसाद ३: ‘एम्प्लॉयर’ शब्दही जपून वापरा. एकमालकी एलएलसी मालकाच्या प्राप्तिकरापुरती अदृश्य असते, पण माणसं कामाला ठेवली की त्यांच्या पेरोल करासाठी तीच एम्प्लॉयर. ९४१ तिच्याच ईआयएनवर (एम्प्लॉयर ओळख क्रमांकावर) जातो. मालक मात्र त्या कर्मचाऱ्यांच्या यादीत नसतो.