नॉमिनेशनसाठी पहिली पसंती: एअर फोर्स की नेव्हल अकॅडमी?

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलगी बारावीला, जन्माने अमेरिकन नागरिक. दोन्ही सिनेटर आणि आमचे काँग्रेसमन, तिघांकडेही नॉमिनेशनचे (अमेरिकेच्या लष्करी अकॅडमींत प्रवेशासाठी लागणाऱ्या शिफारशीचे) अर्ज भरतोय. तिथे अकॅडमींचा पसंतिक्रम द्यायचा आहे.

तिला वैमानिक व्हायचंय आणि एरोस्पेस इंजिनिअरिंग शिकायचंय. हे एअर फोर्स अकॅडमीच्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज आणि नेव्हल अकॅडमीच्या अ‍ॅनापोलिस दोन्हीकडे जमतं, तिथेच घोडं अडलंय. अ‍ॅनापोलिसचा समर सेमिनार तिने केला, ती जागा तिला मनापासून आवडली. पण विमान उडवायची संधी एअर फोर्समध्येच जास्त, असं तिला वाटतं. वेस्ट पॉइंट (आर्मीची अकॅडमी) तिसरं, त्यावर वाद नाही.

पदवीनंतर किमान 5 वर्षं आणि वैमानिक झाल्यास त्याहून बरीच जास्त सेवा, हे तिला मान्य आहे. आरओटीसीचा (नेहमीच्या कॉलेजात शिकता शिकता लष्करी अधिकारी होण्याचं प्रशिक्षण) अर्जही केलाय. वैद्यकीय तपासणी बाकी आहे. दोन्ही अकॅडमींच्या स्थानिक प्रतिनिधींशी बोललो, पण क्रमाबद्दल नेमकं उत्तर मिळालं नाही.

ज्यांची मुलं यातून गेलीत त्यांनी कृपया सांगा: तिन्हीकडे एकच अकॅडमी पहिली लिहावी, की एकीकडे एअर फोर्स आणि दुसरीकडे नेव्ही? वेगवेगळा क्रम दिला तर मुलाखतीत ते खटकतं का?