टेक्सॅकोचा जुना पंप : एनॅमलची चकाकी कशी आणू? (मदत हवी आहे)

मंडळी, १:२४ मापात (खऱ्या फुटाला अर्धा इंच) टेक्सॅको या तेल कंपनीच्या, अमेरिकेतल्या १९३७ च्या सुमाराच्या पेट्रोल पंपाचं मॉडेल करतोय. औद्योगिक डिझायनर वॉल्टर डॉर्विन टीगचं डिझाइन: सपाट छत, पांढऱ्या एनॅमल पत्र्याच्या भिंती, वरच्या बाजूनं इमारतीभोवती गेलेले तीन हिरवे पट्टे, लाल तारे.

भिंती फोमबोर्डच्या (दोन कागदांमध्ये फोम असलेला बोर्ड) केल्या आणि घाईत स्प्रे मारला. कापलेल्या कडांमधला फोम विरघळून उंदरानं कुरतडल्यासारखा झाला! कडांना आधी फेविकॉल लावून बंद करू, की सरळ स्टायरीन शीट (प्लॅस्टिकचा पातळ तक्ता) घेऊ?

पट्ट्यांचंही तेच रडगाणं. मास्किंग टेप काढली की हिरवा रंग खाली झिरपलेला. व्हिनाइलच्या पट्ट्या कुणी वापरल्यात का? जवळून स्टिकर वाटतील अशी धास्ती आहे. पत्र्यांचे सांधे मात्र बोथट सुरीनं कोरलेत, ते झकास जमलेत.